गाठीचं धोतर

बाईंनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा माझं एकही सर्टिफिकेट पाहिलं नाही. सदऱ्याचं टोक पाहिलं.

मी मॅट्रिकचा दाखला, दोन शिफारसपत्रं आणि त्यांच्या स्तुतीपर स्वतः रचलेली एक आर्या असा दारूगोळा घेऊन उभा होतो. आर्येचा पहिला चरण तोंडातून निघतो न निघतो तोच बाईंनी माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला शेळीसारखं पुढं ओढलं, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि वाकून बसल्या. माझी आर्या घशातच राहिली.

"वीस नंबरचं सूत. लग्नातला हाय काय?"

"हो."

"सासऱ्यानं देल्ला?"

"हो."

"बायको धुते चांगली तुयी. ये उद्यापासून."

त्यामुळं माझं आजवर असं मत आहे की ती मुन्शीची नोकरी खरं म्हणजे माझ्या बायकोला लागली होती, कामावर जात मी होतो.

कापडातले धागे मोजायचं ते पितळी भिंग होतं, डबीएवढं. बाईंनी ते काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्राशेजारी बांधलं होतं, आणि दोन्ही एकमेकांत अडकून त्यांची सतत ओढाताण चालायची. त्या भिंगातून त्या सगळं पाहत. संत्र्याची साल पाहत, भाकरीचा पापुद्रा पाहत, नवीन माणसाचा तळहात पाहत. एकदा कमिशनरच्या मडमबाई माग पाहायला आल्या. मी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणत होतो. पाहतो तर बाई खाली बसून मडमबाईंच्या झग्याची किनार डोळ्याला लावून धागे मोजताहेत.

"काय म्हणतात त्या?" मडमबाईंनी विचारलं.

"सांग तिले," बाई खालूनच म्हणाल्या, "गिरणीचं हाय, पन चांगलं हाय."

मी भाषांतर करताना 'आपल्या आगमनानं आम्ही धन्य झालो' असं केलं. दुसऱ्याच्या बोलण्यात आपल्या पदरचं घालायची माझी खोड तेव्हापासूनची. त्याच खोडीची ही गोष्ट आहे.

शुक्रवारी नावाच्या तलावाच्या अलीकडे बाईंचे चाळीस हातमाग होते. त्यांनी पाचापासून सुरुवात करून ते वाढवले होते. कोष्ट्यांची साठेक घरं त्यावर जेवत. लुगडी, धोतरं, उपरणी तयार होऊन पार रायपूरपर्यंत जात. आणि बाईंचे यजमान म्हणजे आमच्या प्रांतातले मोठे पुढारी. वकिली सोडून त्यांना किती वर्षं झाली होती, पण गाव त्यांना वकीलसाहेबच म्हणे. त्यांची सभा असली की टांगेवाले भाडं सोडून ऐकायला उभे राहत.

आता यात अडचण काय, तर सूत. वकीलसाहेबांनी हातानं कातलेल्या सुताचंच कापड अंगाला लावायचं व्रत घेतलं होतं. बाईंचे माग हाताचे, पण सूत गिरणीचं. हातसूत मागावर टिकत नाही, तुटतं, दिवसाचं काम आठवड्यावर जातं. कोष्टी म्हणाले, बाई, हातसुतावर आम्ही उपाशी मरू. बाईंनी सूत बदललं नाही. साहेबांनी व्रत बदललं नाही. भांडण कसलंच झालं नाही, आणि माझ्या मते तीच खरी पंचाईत होती. साहेबांच्या धंतोलीतल्या घरी खादीवाल्या कार्यकर्त्यांचा राबता असे. त्यांनी बाईंच्या पातळाकडं नाक मुरडून पाहिलेलं बाईंना कळे. 'माग नीट बसेपर्यंत' म्हणून त्या मागांवरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मी लागलो तेव्हा त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. माग केव्हाच नीट बसले होते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. पाडव्याला मात्र त्या टांगा करून धंतोलीला साहेबांना ओवाळायला जात. एका पाडव्याला मीही तबक धरून बरोबर होतो. साहेब पहाटेच दौऱ्यावर गेले होते. दिवाणखान्यात तीन कार्यकर्ते चिवडा खात होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "वहिनी, निरोप ठेवला आहे ना साहेबांनी." निरोप काय तो त्याला आठवेना. बाई तशाच परत आल्या आणि निरांजन पेटवून आमच्या सगळ्यात जुन्या मागाला ओवाळलं. मागावर सोनबाजी बसला होता. म्हातारा कोष्टी, बाईंच्या पहिल्या पाचांतला. तो गडबडून उठायला लागला.

"तू बस नं गा," बाई म्हणाल्या, "तुले नाई ओवाळून राहिली. मागाले ओवाळून राहिली."

"पन वोवाळनी कोन टाकन, बाई? मागाच्या खिशात काई नसते," सोनबाजी म्हणाला.

त्या खूप हसल्या. मग वर गेल्या आणि जेवायला खाली आल्या नाहीत.

दान करायची त्यांची रीतही अशीच तिरपागडी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली एक कोष्टीण तिथल्या तिथं बाळंत झाली, तर पुढच्या आठवड्यात बाईंनी कोष्टीपुऱ्यात सुतिकागृह काढलं. एक नर्सबाई आणल्या, आठ खाटा टाकल्या. मी उत्साहानं एक सागवानी पाटी रंगवून घेतली. तीवर वकीलसाहेबांचं नाव टपोऱ्या अक्षरात आणि खाली बाईंचं बारीक. बाईंनी पाटी पाहिली, भिंगातूनही पाहिली. "लाकूड चांगलं हाय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाटीला खालून चार पाय ठोकलेले. पुढं कित्येक वर्षं कोष्टीपुऱ्यातली बाळं वकीलसाहेबांच्या नावावर तेल लावून घेत होती. माझी धाकटीही त्यांतलीच.

मागांची सुट्टी अमावास्येला असे, आणि तो दिवस बाईंना भारी जाई. चाळीस मागांचा खडखडाट थांबला की त्यांना बसवत नसे. मग त्या मला घरून बोलावून घेत. त्यांना अक्षर लावून लावून वाचता येई, पण लिहिणं सहीपुरतं. मी वर्तमानपत्र वाचायचं, त्यातही साहेबांचं भाषण आधी. एकदा भाषणासोबत साहेबांचा फोटो होता. बाईंनी सवयीनं भिंग लावलं.

"मुन्शी, हे काय गा? नुसते ठिपकेच हायेत."

"छापील फोटो असाच असतो, बाई. दूर धरला की नीट दिसतो."

त्यांनी कागद हातभर लांब धरला. "हो," म्हणाल्या, "दूर धरला तं दिसतात बरोबर." आणि मला पुढचं वाचायला सांगितलं.

आता पत्रांचं सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. साहेब जबलपूरच्या तुरुंगात होते. महिन्याला एक पत्र जाई, एक येई. बाई सांगत, मी लिही. बाईंचा मजकूर असा: आठ नंबरच्या मागाची फणी मोडली. सोनबाजीच्या सुनेले पोरगी झाली. औंदा संत्री आंबट हायेत. तब्येतीले जपजा.

मला वाटलं, हे काय पत्र झालं? एवढा मोठा माणूस, देशासाठी तुरुंगात, आणि त्याला फणी मोडल्याची बातमी? तेव्हा मी आपल्या पदरचं थोडं घातलं. 'आपणाविना हे घर म्हणजे चंद्राविना आकाश' वगैरे. फणी मी गाळली.

उत्तर आलं ते चार पानी. साहेबांचं असं पत्र मी पाहिलं नव्हतं. 'तुझ्या लेखणीत ही कोवळीक कधी आली? कोठडीच्या गजांतून मी तो चंद्र पाहतो' असं काय काय. मी वाचताना स्वतःच सद्गदित झालो. बाई ऐकत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "चंद्र कुठून आला?"

मी कबूल झालो. मला वाटलं, नोकरी गेली. बाई रागावल्या नाहीत. पत्र माझ्या हातातून घेतलं, त्यावरून बोट फिरवलं, मग घडी करून मला परत दिलं.

"हे तुले आलं हाय. तूच ठेव."

पुढचं पत्र मी त्यांच्या शब्दांत, काना-मात्रा न बदलता लिहिलं. त्याला उत्तर चार ओळींचं आलं. शेवटची ओळ होती: 'मुन्शी बदललास का?'

त्या सुमारास बाई रोज दुपारी जेवण झालं की वरच्या खोलीचं दार लावून घेऊ लागल्या. दीड-दोन तास आतून आवाज नाही. कोणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून मी सांगून टाकलं की बाई ध्यानाला बसतात. बातमी इतवारी बाजारापर्यंत गेली. एका दुपारी दोन बायका नारळ घेऊन दर्शनाला आल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. दार उघडल्यावर त्या बाईंच्या पायांवर कोसळल्या.

"उठ वं बाई, काय झालं? कोन मेलं?"

"आपलं ध्यान…"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या केसांत कापसाचे तंतू होते. मी ते पाहिले, आणि मला वाटलं, उशी फाटली असेल. इतकी माझी अक्कल. कापडाच्या कारखान्यात मला तेव्हा सात वर्षं झाली होती.

हे ध्यान दोन वर्षं चाललं. मग साहेब सुटणार अशी बातमी आली. चिटणीस पार्कावर मोठा सत्कार ठरला. स्त्रियांतर्फे बाईंनी साहेबांना वस्त्र द्यावं असं मंडळींनी ठरवलं. मंडळींना वाटलं, बाई खादी भांडारातून एखादं धोतर आणतील. बाई 'बरं' एवढंच म्हणाल्या.

सत्काराचा दिवस शनिवार. शनिवारी आमच्याकडं एक रीत होती. विणताना गाठी पडलेला, कुठं विरळ झालेला खोटा माल बाई विकू देत नसत. तो सुतिकागृहात जाई आणि नर्सबाई फाडून त्याची दुपटी करत. खोटा माल निवडून गठ्ठा पाठवायचं काम माझं, आणि त्यात मी स्वतःला फार जाणकार समजत असे.

सकाळी बाई न्हायला जाता जाता म्हणाल्या, "मुन्शी, माया टेबलावरचं धोतर तबकात ठेव, अन वरतून रुमाल झाक."

मी वर गेलो. टेबलावर एकच धोतर होतं. मी ते उलगडून पाहिलं. जाडंभरडं, सूत कुठं सुतळीसारखं तर कुठं केसासारखं, आणि गाठी तर इतक्या की हात फिरवला की माशाच्या खवल्यांवरून फिरवल्यासारखं वाटावं. मी मनात म्हटलं, बाईंची नजर गेली! शनिवारच्या गठ्ठ्यातलं कोणीतरी इथं आणून ठेवलं, आणि बाई हजारो लोकांसमोर नवऱ्याच्या हातात हे देणार. मी होतो म्हणून बरं! ते धोतर मी सुतिकागृहाच्या गठ्ठ्यात घालून रवाना केलं, आणि कपाटातलं आमचं सगळ्यात उंची धोतर काढलं. ऐंशी नंबरी सूत, रेशमी काठ, अंगठीतून जावं असं. तबकात ठेवलं, रुमाल झाकला. स्वतःवर इतका खूश झालो की टांग्यात बाईंशेजारी तबक मांडीवर घेऊन शीळ घालत बसलो.

बाईंनी त्या दिवशी अंबाड्यात फूल घातलं होतं. मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

व्यासपीठावर साहेब वाळलेले दिसत होते, पण आवाज तोच. बाईंचं नाव पुकारलं. बाई तबक घेऊन पुढं झाल्या, मी मागं, आणि कोणी न सांगता मीच रुमाल झटक्यात उचलला.

बाईंनी खाली पाहिलं. तबक हललं नाही.

साहेबांनी धोतर हातात घेतलं. तुरुंगात त्यांनी रोज सूत कातलं होतं. त्यांच्याही बोटांना आता कळत होतं. त्यांनी काठ अंगठ्याखाली घोळवला आणि धोतर हळूच परत तबकात ठेवून हात जोडले. मग लोकांकडं वळले.

"हे माझ्या घरचं वस्त्र आहे. माझ्या पत्नीनं दिलं आहे. पण यात गिरणीचं सूत आहे, आणि व्रताला घर आणि दार असा भेद नसतो. मी हे घेऊ शकत नाही."

अशी टाळी चिटणीस पार्कानं ऐकली नसेल. टोप्या उडाल्या. जयजयकार झाला. बाई तबक धरून त्या टाळ्यांत उभ्या होत्या, कोणी 'आता खाली जा' असंही सांगेना. मी हात धरून आणायला हवं होतं. मी काय करत होतो म्हणाल, तर सगळे वाजवत होते म्हणून टाळ्या वाजवत होतो. दोनदा वाजवल्या, मग लक्षात आलं.

उतरताना साहेबांनी शेजारच्या कार्यकर्त्याचा खुर्चीवरचा पंचा आपल्या खांद्यावर टाकला आणि निघून गेले. ही त्यांची जुनीच सवय. जे कापड हाताशी येईल ते खांद्यावर. धंतोलीच्या घरी परक्या पंच्यांचा ढीग साठला होता.

टांगा तलावाकडं वळला. बाई म्हणाल्या, "मुन्शी, गाठीचं होतं ते कुठं हाय?"

"सुतिकागृहात पाठवलं, बाई. खोट्या मालात." आणि वर शहाणपणानं म्हणालो, "तेच दिलं असतं तर काय शोभा झाली असती!"

बाई टांगेवाल्याला म्हणाल्या, "कोष्टीपुऱ्यात घे गा."

सुतिकागृहाच्या दारात सोनबाजी भेटला. सुनेला झालेल्या दुसऱ्या नातीला घेऊन बसला होता. ती ज्यात गुंडाळली होती ते दुपटं त्यानं ओळखलं होतं. विणलं त्यानंच होतं. बाई आत गेल्यावर त्यानं माझा दंड धरला.

"तुमाले डोकं चालवाले कोनं सांगतलं होतं, मुन्शीजी? दोन वर्सं टकळीवर सूत कातलं तिनं. दारं लावून. मले शपथ घातली होती. शंभरदा तुटलं ते माया मागावर, शंभरदा गाठ देल्ली. त्यायच्या अंगाले लागन असं एक कापड आपल्या मागावरून उतरावं, एवढंच होतं तिचं."

मी आत गेलो. नर्सबाईंनी धोतराचे नऊ तुकडे केले होते. आठ खाटांची आठ बाळं त्यात गुंडाळलेली, सोनबाजीची नात धरून. त्यांत माझी चार दिवसांची धाकटी होती, डोळे मिटून, मजेत. बाई पहिल्या खाटेशी बसल्या होत्या. भिंग डोळ्याला, हातात टाचणी.

"बाई," मी म्हणालो, "माझी चूक झाली. मी साहेबांना सगळं लिहितो. आत्ता लिहितो."

"तू लिहू नको, बापा. तू लिहिलं का मानूस तुलेच उत्तर देते." त्यांनी वर पाहिलं नाही. "अन त्यायले कोनी सांगायचंबी नाई. सांगून नेसवलं तं काय नेसवलं?"

"मग हे काय करताय?"

"गाठी टोचतीन नं पोरायले."

दुपारभर त्या एकेका खाटेशी बसून टाचणीनं गाठी उकलत, मोडत, कुरतडत राहिल्या. नर्सबाई मधे ओरडल्या, "बाई, बाळं उठतील." बाई म्हणाल्या, "उठू दे. कोनी तं उठन." आठ दुपट्यांच्या गाठी काढल्या. नवव्याला बाळ नव्हतं. ते गाठींसकट त्यांनी घडी करून कमरेला खोचलं आणि घरी आणलं. मग ते त्यांच्या टेबलावर, रात्री गळ्यातलं भिंग काढून ठेवत त्याखाली, अंथरलेलं असे, कायमचं. धोतराचं सूत पुन्हा कातलं नाही. मला मात्र ठेवलं. का, ते मी कधी विचारलं नाही. पगारवाढ मागायलाही कधी जीभ उचलली नाही.

बाई गेल्या त्या उन्हाळ्यात वकीलसाहेब मंत्री झालेले होते. तेराव्यानंतर त्यांची मोटार मागांपुढं थांबली. ते एकटेच उतरले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आत आले होते. माग बंद होते. जिना चढून वर आले, बाईंच्या खुर्चीत बसले, आणि काय करावं न सुचून टेबलावरचं भिंग उचललं. त्याखालच्या कापडावर धरून पाहिलं.

"हे तर हातसूत आहे," ते म्हणाले. "इथं कसं?"

"सुतिकागृहातलं दुपटं आहे, साहेब."

"नवशिक्याचं सूत. पीळ सारखा नाही." अंगठा फिरवत म्हणाले, "पण तुटलं तरी सोडलेलं नाही कुठं. कोणी कातलं?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. चंद्रासकट आलं होतं. आयुष्यभर न विचारता बोललो, आणि आता साहेब विचारत होते. जिन्याखाली सोनबाजी उभा होता, तो माझ्याकडं पाहत होता.

"आमच्याकडचीच एक होती," मी म्हणालो.

"हूं," साहेब म्हणाले. बाहेर ऊन रणरणत होतं, त्यांना घाम आला होता. त्यांनी ते कापड उचललं, कपाळ टिपलं, मान पुसली, आणि उठताना आपल्या सवयीनं खांद्यावर टाकलं. भिंग तेवढं टेबलावर राहिलं.

मी "साहेब, ते—" म्हणायला तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा मिटलं.

सोनबाजी आणि मी दारापर्यंत गेलो. मोटार निघाली. मागच्या काचेतून त्यांचा हात दिसत होता. खांद्यावरच्या कापडाचं टोक अंगठ्याखाली धरून ते एकेक गाठ चाचपत चालले होते.

"मुन्शीजी," सोनबाजी म्हणाला, "माग चालू करू का?"